भामाताईंचा माफीनामा

सत्यभामा मढवी यांच्या टेबलाशी बसून माफीनामा लिहिलेल्या पोराला कधी शिक्षा झाली नाही, अशी विद्यापीठात त्यांची ख्याती होती. विद्यापीठ हे आताचं. भामाताई नोकरीला लागल्या तेव्हा ते कोपरखैरण्यात स्टेशनजवळ भाड्याने घेतलेले दोन मजले होते, खाली झेरॉक्स आणि वडापाव. चोवीस वर्षांत त्याची खाडीकडेला काचेची सात मजली इमारत झाली, प्राचार्य जाऊन कुलगुरू आले, शिपायाच्याही गळ्यात ओळखपत्र लटकलं. भामाताई कारकून म्हणून लागल्या त्या कारकूनच राहिल्या. त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं असंही नाही. माणसं अडतात तेव्हा भामाताईंकडेच येतात ना, मग झालं, असा त्यांचा हिशेब होता.

पोरं यायची ती तोंड पाडून. कोणी हजेरीपटावर मित्राची सही ठोकलेली, कोणी परीक्षेत चिठ्ठीसकट सापडलेला, कोणी कॅन्टीनमध्ये हाणामारी करून शर्ट फाडून घेतलेला. भामाताई चष्म्यावरून बघायच्या. "अक्कल विकून खाल्ली काय रे?" हे ठरलेलं. मग ड्रॉवरमधून रेघांचा कागद काढून पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "लिही."

मजकूर त्यांना तोंडपाठ होता. मी खाली सही करणारा अमुक अमुक लिहून देतो की, माझ्याकडून गैरवर्तन घडले आहे. ते मला पूर्णपणे मान्य आहे. त्याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे घडणार नाही. हे मी कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वखुशीने लिहून देत आहे. खाली सही, तारीख, की निघाला पोरगा मोकळा. एखादा वाद घालायचा, "पण ताई, मी मारलंच नाही, मी सोडवायला गेलतो." भामाताई हसायच्या. "अरे, वाचतंय कोण? फाईलला कागद लागतो, तिला कागद दे. तू खरा की खोटा ते फाईल विचारत नाही." आणि ते खरं होतं. ऑफिसातले सर वरवर नजर टाकायचे, 'दाखल करावे' असं लिहायचे आणि विषय संपायचा.

हे शहाणपण त्यांनी ऑफिसात नाही, घरी कमावलं होतं. त्यांचे वडील बोनकोड्याच्या गावकीत पंच होते. बांधाचं भांडण असो, लग्नातल्या मानपानाचं असो की मासळीच्या वाट्याचं, देवळासमोर दोघांना उभं करायचं आणि ज्याचा आवाज लहान त्याला आधी हात जोडायला लावायचे. चुकी कोणाची ते मागनं बघू, म्हणायचे. हात जोडले की नारळ फुटायचा, खोबरं वाटलं जायचं आणि चुकी कोणाची ते मागून कोणीही बघायचं नाही. पुढे शेतं गेली, शेतांवर सेक्टर आले, माहेरच्या घरावर चार मजले आणि भाडेकरू चढले, पण माफी मागितल्यानं कोणी लहान होत नाही हे वडिलांचं वाक्य भामाताईंच्या जिभेवर तसंच राहिलं. वाक्य चांगलं आहे. ते कुठे चालतं आणि कुठे नाही, एवढं मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही.

सहा वर्षांपूर्वी विद्यापीठाने परदेश शिक्षण कक्ष काढला. तिसऱ्या वर्षाची निवडक मुलं आयर्लंडमधल्या एका विद्यापीठात वर्षभर पाठवायची, असा करार झाला. कक्षाचे संचालक म्हणून नंदकिशोर सर आले, मृदू बोलणारे, पेनाचं टोपण न विसरणारे गृहस्थ. आणि त्यांच्या हाताखाली आल्या भामाताई. पासपोर्टच्या झेरॉक्स, फोटो, विम्याचे कागद, तिकडून आलेली बेचाळीस पानांची नियमपुस्तिका प्रत्येकाच्या हातात ठेवणं आणि शेवटच्या पानावर 'वाचले, समजले' याखाली सही घेणं, हे काम त्यांचं. साक्षीदार म्हणून त्याखाली त्यांची स्वतःची सही. "पटापट करा रे, माझी साडेपाचची बस आहे," असं म्हणत त्यांनी सहा वर्षांत दीडशेच्यावर सह्या घेतल्या. पुस्तिका कोणी वाचली नाही. भामाताईंनीही नाही. नियम काय, सगळीकडे सारखेच असतात, चोरी करू नये, मारामारी करू नये, असं त्यांना वाटायचं.

नमिता नाखवा ही त्यांच्या कक्षातून गेलेली मोऱ्याची पहिली मुलगी. उरणच्या टोकाला मोरा बंदर, तिथल्या कोळीवाड्यातली. बाप हिरामण कंटेनर यार्डात कामाला, आई पुतळा मासळी विकणारी. पोरगी अभ्यासात तल्लख, पण मुलाखतीला यायचीच नाही म्हणत होती, इंग्रजी बोलताना घाम फुटतो म्हणून. भामाताईंनी तिला दम देऊन आणली. एवढंच नाही, स्वतः मोऱ्याला जाऊन पुतळाबाईंची समजूत घातली. पुतळाबाई काही केल्या तयार होईनात. "परदेसान पोरीला कोन बगंल?" हा एकच धोशा. शेवटी भामाताई म्हणाल्या, "मी हाय ना. काय वाईटवंगाळ झाला त मना फोन करंल. आपल्यातली पोर हाय ती." त्यावर पुतळाबाई उठल्या आणि त्यांनी भामाताईंना सोड्यांची, सुक्या कोळंबीची, पुडी बांधून दिली. शब्द दिला-घेतला गेला तो असा.

नमिताच्याच तुकडीत केयूर प्रभुदेसाई होता, नेरुळचा, आईवडील दोघे बँकेत. वाईट मुलगा म्हणावा असाही नाही. तिकडे फेब्रुवारीत तो तापाने आडवा झाला आणि अहवाल द्यायची तारीख जवळ आली. तिथल्या खाडीतल्या चिखलाचे नमुने घेऊन त्यातल्या किड्यांचा अहवाल करायचा होता. नमिताने त्यावर तीन आठवडे घातले होते. चिखल तिला नवा नव्हता. भरती कधी येते, पाय कुठे रुततो, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. गमबूट घालून ती इतकी आत जायची की तिथले सर किनाऱ्यावरून ओरडायचे. केयूरने तिच्याकडे फाईल मागितली आणि तिने ती दिली. आता आपल्याकडे कॉलेजात जर्नल दिलं-घेतलं नाही असा विद्यार्थी दाखवा. जो जर्नल देत नाही त्याला आपल्याकडे कोत्या मनाचा म्हणतात. नमिताला वाटलं तो बघून आपलं करेल. त्याने चार शब्द फिरवले आणि तिच्याआधी दोन दिवस तो अहवाल आपल्या नावाने देऊन टाकला.

दोन अहवाल जुळले. नमिताचा नंतर आलेला, म्हणून संशय तिच्यावर. दोघांना पत्र गेलं: पाच दिवसांत लेखी म्हणणं मांडा.

भामाताई जेवायला बसल्या होत्या. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. फोन वाजला. तिकडे सकाळ होती.

"ताई, माझ्यावर कॉपीची केस झालीये." नमिताचा आवाज घाबराघुबरा. "मी नाय केली ताई. त्यानं माझा घेतला. माझी कच्ची वही हाय, सगळी चिखलानं भरलेली, तारखा हायेत तिच्यात."

"मला माहितीये गं तूच केलंयस ते. रडू नको आधी."

"लेखी द्यायला सांगितलंय. काय लिहू?"

इथे भामाताईंनी म्हणायला हवं होतं की थांब, पुस्तिका बघते, सरांना विचारते. पण चोवीस वर्षांची सवय. डाव्या हाताने डबा बाजूला सारत त्या म्हणाल्या, "लिही."

इंग्रजी माफीनामाही त्यांच्याकडे तयार होता, मराठीचाच शब्दाला शब्द, फक्त जास्त नम्र. दुसऱ्याच वाक्याला नमिता अडली.

"ताई, चूक मान्य आहे असं कसं लिहू? मी केलीच नाय ना."

"हे बघ, नमे. तू भांडत बसलीस की चौकशी लागेल, सतरा भानगडी होतील. तिथे तुझं कोण आहे? त्या केयूरचे आईबाप विमानाने जाऊन उभे राहतील. तुझा बाप काय होडी घेऊन जाणारे? माफी मागितल्यानं कोणी लहान होत नाही. कागद दे, मोकळी हो, अभ्यासाला लाग."

पलीकडून लिहिल्याचा आवाज यायला लागला. लिहून झाल्यावर नमिताने सगळं वाचून दाखवलं, आणि त्यात तिने स्वतःच्या मनाचं एक वाक्य घातलं होतं: माझी चूक एवढीच की मी माझी फाईल आजारी मित्राला वाचायला दिली.

"ते काढ," भामाताई म्हणाल्या. "कारणं द्यायची नसतात. कारण दिलं की प्रश्न निघतो."

अख्ख्या पत्रातलं एकमेव खरं वाक्य त्यांनी काढायला लावलं. मग चटणी संपवली, डबा धुतला आणि एका पोरीचं काम केलं म्हणून समाधानाने खुर्चीला टेकल्या.

अकराव्या दिवशी सरांच्या केबिनमधून बोलावणं आलं. सरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. नमिता नाखवा हिने गैरवर्तन लेखी मान्य केल्यामुळे तिचा प्रवेश रद्द करण्यात येत आहे, तिने दोन आठवड्यांत परत जावे. केयूरचं पत्र एका ओळीचं होतं: आरोप मान्य नाही, सुनावणी हवी. त्याने पुस्तिका वाचली होती, किंवा त्याच्या आईने वाचली असेल. पण एकाने मान्यच केलं म्हटल्यावर सुनावणी कशाची घ्यायची? तो सुटला. आणि आपल्या विद्यापीठाचा करार असा की तिथून गैरवर्तनासाठी काढलेल्याला इथेही दोन वर्षं प्रवेश नाही, शिवाय गुणपत्रिकेवर कायमचा शेरा. तो शेरा वाचून उद्या तिला कोण उभं करणार होतं?

भामाताई टेबलाकडे आल्या आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती पुस्तिका उघडली. एकोणिसावं पान. विद्यार्थ्याने आरोप नाकारल्यास सुनावणी होईल, दोन्ही बाजूंचे कच्चे काम तपासले जाईल. विद्यार्थ्याने आरोप मान्य केल्यास सुनावणी होणार नाही. एवढं सोपं इंग्रजी की शाळेतल्या पोरालाही कळावं. त्या वहीवरचा चिखल एकदा त्या लोकांनी बघितला असता तरी पुरलं असतं. शेवटच्या पानावर नमिताची सही होती, आणि खाली साक्षीदार, स. का. मढवी. कॅन्टीनमधल्या पोराने चहा आणून ठेवला तो तसाच थंड झाला.

परत आल्यावर नमिता ओळखपत्र जमा करायला ऑफिसात आली. रडली नाही. जाताना गोबरी होती, आता गालाची हाडं दिसत होती.

"तुम्ही बोल्लात म्हणून मी लिहिलं ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं सांगत होती. "घरी मी सांगितलंय कॉलेजचं काम निघालं म्हणून आले. अपीलला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. नवीन पुरावा लागतो. वही चालत नाही म्हणतात, कारण मी कबूलच केलंय. तुम्ही लिहून द्याल ना, की ते पत्र तुम्ही सांगितलं होतं?"

"देते," भामाताई म्हणाल्या.

"विद्यापीठाच्या कागदावर पाहिजे."

"देते म्हटलं ना."

तो सोमवार होता. विद्यापीठाच्या कागदावर काही द्यायचं तर सरांची सही लागायची. आता एक कागद लिहायला किती वेळ लागतो? दुसऱ्यांसाठी वीस मिनिटांत लिहून देणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाचा कागद लिहायला चार दिवस धीर झाला नाही. मंगळवारी सर बाहेरगावी होते. बुधवारी होते, पण पाहुणे होते, आणि खरं म्हणजे पाहुणे आहेत हे बघून भामाताईंना हायसं वाटलं. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. खासगी संस्था, जा म्हणाले की जायचं. घरी त्यांनी नवऱ्याला, कान्हाशेठला सांगितलं, तर तो म्हणाला, "लोकांचे पोरीपायी आपले पायावर कुराड मारू नको." गुरुवारची रात्र त्यांनी तळमळत काढली आणि शुक्रवारी सकाळी मन घट्ट करून सरांपुढे उभ्या राहिल्या. जे झालं ते सगळं सांगितलं. फोन, मजकूर, काढायला लावलेलं वाक्य. एकही गोष्ट लपवली नाही. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

नंदकिशोर सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बसा मॅडम," म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं.

"नमिताने लिहिलंय, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वखुशीने. तुम्ही म्हणताय तुम्ही सांगितलंत. यातला कोणता कागद खरा धरायचा?"

"सर, ते वाक्य मीच घातलं. मी सगळ्यांनाच घालायला लावते."

"हेच तर. हे मी तिकडे कळवू? आमच्या ऑफिसात कबुलीजबाब तयार मिळतात म्हणून? पुढच्या महिन्यात त्यांचे लोक करार वाढवायला येतायत. बत्तीस मुलं जायची आहेत. एका मुलीसाठी बत्तीस मुलांचं वर्ष घालवायचं का, तुम्ही सांगा."

एक मुलगी विरुद्ध बत्तीस, हे गणित चुकीचं आहे एवढं भामाताईंना कळत होतं, पण कुठे चुकतंय ते दाखवता येईना.

"विद्यार्थ्याला परस्पर सल्ला देणं हेही गैरवर्तनच आहे मॅडम," सर तितक्याच हळू आवाजात म्हणाले. "नियमाने मेमो द्यायला पाहिजे, चौकशी लावायला पाहिजे. पण तुम्ही जुन्या आहात. मनात वाईट नव्हतं तुमच्या. एक माफीनामा द्या, आपण विषय संपवू. त्यात फक्त एवढं घाला, की यापुढे तिकडच्या विद्यापीठाशी तुम्ही स्वतः काही पत्रव्यवहार करणार नाही."

म्हणजे साध्या कागदावर, घरून, स्वतःच्या फोनवरून लिहायचीही वाट बंद. ते भामाताईंना त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं म्हणायला जागा नाही. उठून बाहेर जाता आलं असतं, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून चार ओळी टाईप करून पाठवता आल्या असत्या, संध्याकाळपर्यंत वेळ होता. मोऱ्याला दिलेला शब्द आठवत होता. सोड्यांची पुडीसुद्धा आठवत होती. आणि त्याबरोबर नोकरीची राहिलेली चार वर्षंही आठवत होती.

त्यांनी आपल्याच ड्रॉवरमधून रेघांचा कागद काढला. मी खाली सही करणारी, सत्यभामा कान्हा मढवी, लिहून देते की... हात सराईतासारखा चालला. एकही शब्द अडला नाही. स्वखुशीने, हाही नाही. सरांनी वरवर नजर टाकली, 'दाखल करावे' लिहिलं आणि टोपण लावलं. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. भामाताईंचं गैरवर्तन पंचवीस मिनिटांत मिटलं.

"चहा घेणार?" सरांनी विचारलं.

संध्याकाळी नमिताचे तीन फोन आले. भामाताईंनी उचलले नाहीत. चौथा आलाच नाही.

पुढच्या आठवड्यात अपील फेटाळलं गेलं. त्या निर्णयाचं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवायचं असतं. ते त्यांनी पाठवलं नाही. पर्समध्ये घातलं आणि रविवारी स्वतः मोऱ्याला निघाल्या. काय करायला चालल्या होत्या ते त्यांनाच नीट माहीत नव्हतं. निदान तोंडाने तरी सांगावं, पायावर डोकं ठेवावं, असं काहीतरी मनात. उरणला बस सोडून रिक्षाने बंदरापर्यंत गेल्या. पुतळाबाई ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या. भामाताईंना बघितल्यावर पदराला हात पुसत उठल्या, चटई टाकली, आत बघून चहा ठेवायला सांगितलं. चहा नमिताच घेऊन आली. कप खाली ठेवून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"पत्र आणलंय," भामाताई म्हणाल्या.

"माहितीये. मला मेल आला," नमिता म्हणाली. "तुम्ही दिलंत का लिहून?"

"सरांना सांगितलं गं सगळं. देवाशपथ सगळं सांगितलं. त्यांनी नाही पाठवलं."

"मग तुमचं काय झालं?"

भामाताईंनी खोटं बोलायला हवं होतं. तेही जमलं नाही. "माझ्याकडनं माफीनामा घेतला."

"मग?"

"मग काय. झालं."

"हां," नमिता म्हणाली.

पुतळाबाई दोघींच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना आता सगळं कळलेलं होतं, म्हणजे पोरीला परत धाडलं, पोरीने काहीतरी लिहून दिलं, आणि कॉलेजात तिचं नाव खराब झालं, एवढं. कोणी, काय, कसं, हे नमिताने सांगितलं नव्हतं. ते का सांगितलं नव्हतं हे भामाताईंना कळलं नाही, आणि विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. पुतळाबाई पुढे सरकल्या. जवळ्याने माखलेले दोन्ही हात त्यांनी भामाताईंपुढे जोडले.

"बाय, माजे पोरीचा चुकला. तुमी आपली समजून तिला पाठवली, न तिनी तुमचा नाव घालवला. ल्हान हाय. आमाला माफी करा."

भामाताईंनी ते हात धरले. ओले होते. "पुतळाबाय, नका ओ. चुकी तिची नाय. चुकी माजी हाय. मीच सांगतला तसा तिनी लिवला. मीच तिला बुडवली."

हे बोलायलाच तर त्या एवढ्या लांब आल्या होत्या. बोलून झालं. पुतळाबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसला फरक पडत नव्हता. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाय बाय. तुमी कशाला वंगाळ सांगाल? तुमी आमच्यातल्या. पोरीची लाज झाकाला बोलताव तुमी, मना समजता." आणि दाराकडे वळून लेकीला म्हणाल्या, "बग. बग कशी मानसा असतान."

भामाताईंनी पुन्हा सांगितलं. देवाची शपथ घेतली. जितकं सांगावं तितक्या पुतळाबाई मान हलवत राहिल्या, जितकी शपथ घ्यावी तितकं त्यांना भामाताईंचं मन मोठं वाटत गेलं. खरं सांगून मोकळं होण्याची जी एक वाट उरली होती, तीसुद्धा त्या बाईने अशी प्रेमाने बंद केली. तिने शिव्या द्यायला हव्या होत्या, ओट्यावरून हाकलून द्यायला हवं होतं. ती म्हणत होती, च्या घ्या बाय, निवला.

मग पुतळाबाईंना काहीतरी सुचलं. लगबगीने आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. पुठ्ठ्याची, कडा फुगलेल्या, वर वाळलेल्या करड्या चिखलाचे डाग. बाहेर काढल्याबरोबर त्यातून भुकटी सांडली. नमिताची कच्ची वही. कोणीच न बघितलेली. पुतळाबाईंनी मागचं एक कोरं पान फाडलं आणि चटईवर भामाताईंसमोर ठेवलं.

"कालेजान कागूद द्यावा लागतं ना? माफीचा? आमी देतंव. आईबापानी लिवून दिला त आयकतील. मना लिवता येत नाय, पोरगी लिवंल, मी अंगठा देतू. तुमी फक्त काय लिवाचा ता सांगा. तुमाला येतं, नमी बोलते."

भामाताईंनी वर बघितलं. नमिता दारातून हलली, खाली बसली, पान मांडीवरच्या वहीवर ठेवलं. कोनाड्यातलं पेन घेतलं. त्याचं टोपण काढून तिने तारीख घातली. मग पहिल्यांदाच भामाताईंच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"सांगा ताई," ती म्हणाली. "मागच्या वेळी सांगितलंत तसंच सांगा."

भामाताईंचे ओठ हलले. चोवीस वर्षं जे शब्द विचार न करता यायचे त्यातला पहिलाही येईना. नमिता पेन टेकवून थांबली होती. पुतळाबाईंनी उजव्या हाताचा अंगठा पदराला स्वच्छ पुसला होता आणि त्या विचारत होत्या, शाई कुठं हाय?